तापाची पाळी आणि भोरची सकिना

सकिना म्हणजे भोरच्या गुलजारबी बांगडीवालीची थोरली लेक. माझ्याहून एखाद वर्षानं मोठी. एखाद म्हणते, कारण तिचं साल शाळेत लिहिलेलं होतं आणि माझं कुठंच नव्हतं. आमचा तांबडा बैल घेतला त्या पावसाळ्यातली मी, एवढंच घरात ठाऊक. आता बैलाचं वय कोण सांगणार?

पुढं तिला कामथडीला दिली, शफी नावाच्या माणसाच्या घरात. तिथूनही तिनं बांगड्यांचा धंदा सोडला नाही. वर्षातून तीन फेऱ्या, दिवाळी झाल्यावर, संक्रांतीला आणि अक्षय्यतृतीयेच्या आधी. तट्टावर दोन बाजूंना बांगड्यांच्या माळा आणि पुढं ही चालत. नसरापूरपासून वेल्ह्यापर्यंत आणि तिथून डोंगरात आमच्या पासलीपर्यंत. बांगड्या भरायला तेरा-चौदा वर्षांच्या पोरी पुढ्यात बसल्या की हात तिच्या हातात असायचा, आणि हात एकदा दुसऱ्याच्या हातात दिला की तोंडही सुटतं. आईला विचारता येत नाही, आजीला विचारलं तर ती देवीला नारळ बोलते, मग विचारायचं सकिनाला. अंगावर असं का उठलंय, डोळ्यात काजळ घालू का नको, पायातल्या नारूच्या किड्याचं तोंड दिसलं तर ओढून काढायचं का. ती खाली बघून बांगडी चढवता चढवता सांगायची. पण सगळं सांगायची नाही. "हे कागदावर लिवलेलं म्या वाचलंय" असं म्हणायची, नाहीतर "हे म्या डोळ्यानं बघितलंय" म्हणायची, आणि लई वेळा म्हणायची, "मला ठाऊक न्हाई ग. विचारून येते." आणि पुढच्या फेरीला खरंच विचारून यायची. आमच्या मुलखात त्या काळी सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. ठाऊक नाही म्हणणारी मी तेवढी एकच पाहिली.

हे तिला कुणी नेमून दिलेलं काम नव्हतं. ते सुरू झालं आमच्या ओसरीवर, माझ्या पोटावरून. म्हणून ते मी लिहायला पाहिजे.

मी तेव्हा चौदा वर्षांची. मोठं युद्ध सुरू व्हायला अजून तीन-चार वर्षं होती आणि आमच्याकडं भोरचं संस्थान होतं. त्या साली गणपती गेल्यापासून मला एकांतरा ताप धरला. एकांतरा म्हणजे एक दिवस सोडून एक. ज्या दिवशी नाही त्या दिवशी मी गवताचे भारे आणायची. ज्या दिवशी आहे त्या दिवशी दुपार झाली की आधी थंडी, मग ताप, मग घाम, आणि दिवेलागणीला मी ओल्या फडक्यासारखी पडलेली.

आमच्यात अशा तापाला चुकवायची रीत होती. त्याचा दिवस आला की माणसानं दडून बसायचं. ताप येतो, घरभर बघतो, माणूस दिसत नाही म्हणून निघून जातो. माझी आजी धोंडाबाई मला रिकाम्या कणगीत बसवायची, वर घोंगडी टाकायची आणि दारात उभी राहून मोठ्यानं सांगायची, "ठकू घरी न्हाई. गुंजवण्याला मावशीकडं गेलीय." आतमध्ये मी थंडीनं अशी कुडकुडायची की कणगीच हलायची. ताप काही आंधळा नव्हता.

दसऱ्यापर्यंत माझ्या डाव्या बरगडीखाली टणक गाठ हाताला लागू लागली. ही पाणथरी. लांबलेल्या तापात पोटात वाढते, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्यावर उपाय काय तेही ठाऊक होतं. तापवलेल्या लोखंडाचा पोटावर डाग. डाग द्यायचं काम चिमाजीबाबा करायचे. गरीब स्वभावाचा म्हातारा, पोरांना करवंदं आणून द्यायचा, आणि वर्षातून पाच-सहा पोटं डागायचा. आजीनं त्यांना सांगून ठेवलं, कार्तिकाच्या अवसेला या. त्या दिवसापासून मला तापापेक्षा अवसेचीच थंडी जास्त वाजायला लागली. शेजारच्या गेनबाची लेक मागच्या वर्षी डागली होती, तिची जखम चिघळली आणि ती पौष पाहू शकली नाही. हे कुणी माझ्यापुढं बोलायचं नाही. म्हणजे सगळे माझ्या मागं बोलायचे.

असं नव्हतं की औषध आणलं नाही. माझे वडील कोंडिबा, त्यांना आम्ही बा म्हणत असू, मीठ आणायला भोरला गेले होते तेव्हा टपाल कचेरीतून कोयनेलची पुडी घेऊन आले. तेव्हा हिवतापाच्या या गोळ्या टपालात विकायला असत. पुडीत गोळ्या आणि गोळ्यांभोवती गुंडाळलेला छापील कागद. वाचायला गावात एकच माणूस, आनंदराव. सगळ्या गावाची पत्रं तेच वाचायचे. त्यांना ओसरीवर बोलावलं, पाट दिला. चष्मा घरी राहिला होता. त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला, आणि मधली ठळक ओळ मोठ्यानं वाचली, "पाळी येण्यापूर्वी घ्यावी."

एवढं वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. समोर आजी, आई, मी, आणखी दोन बायका. त्यांनी कागदाची घडी घातली, पाटावर ठेवली आणि उठलेच. जाताना बांना म्हणाले, "कोंडिबा, हे बायकांच्या खाजगीतलं औषध दिसतंय. मला कशाला बोलावलं?"

ते गेल्यावर आजी हिशोबाला बसली. औषध पाळी येण्याआधी द्यायचं, म्हणजे पोरीला न्हाण येण्याआधी. ठकूला तर शिमग्यातच न्हाण आलेलं. म्हणजे वेळ गेली. आता दिलं तर रक्ताला उष्ण पडेल आणि पोर वांझ व्हायची. पुडी तिनं फडक्यात बांधून आढ्याला खोचली. माझी धाकटी बहीण आठ वर्षांची, तिच्या न्हाणाआधी कामाला येईल म्हणून. बघा, फेकून काही दिली नाही.

दिवाळी झाली, भातं खळ्यात आली, आणि गुलजारबी बांगड्या घेऊन आली. त्या वेळी सकिना पहिल्यांदाच तिच्याबरोबर होती. चौथीपर्यंत शिकून घरी बसवलेली, अंगानं शेलाटी, आणि हसू आलं की ओढणीचा पदर तोंडात धरायची. गुलजारबीनं माझा हात घेतला, साबणाचं पाणी लावायला गेली आणि थांबली. गेल्या खेपेला जी बांगडी माझ्या हातावर रडवून चढली होती, ती आता कोरड्यानंच कोपरापर्यंत गेली.

"धोंडाकाकू," ती आजीला म्हणाली, "पोरीला खायला घालत न्हाई व्हय तुमी?"

"खातीय की. तापच खातो तिला," आजी म्हणाली. मग एकांतऱ्याचं, पाणथरीचं, अवसेचं सगळं सांगून झालं. "कोयनेल बी आणलं व्हतं. पर ते न्हाणाआधीचं निघालं."

सकिनानं मान वर केली. "कोयनेल? आमच्या भोरात तर बाप्ये पण खात्यात."

"खाईनात का. त्यांस्नी कुठं न्हाण येतंय?" आजी म्हणाली.

सकिनानं पदर तोंडात धरला. पण हसली नाही, म्हणाली, "आजी, तो कागद दावा की."

आजीनं आढ्यावरून पुडी काढून दिली. सकिनानं कागद मांडीवर पसरला, हातानं सरळ केला, आणि मधल्या ठळक ओळीवर न जाता अगदी वरच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तिथून ती एकेक शब्द वाचत खाली आली. अजून माझ्या कानात आहे ते. "ज्यास एक दिवसाआड थंडी वाजून ताप येतो, त्या तापाच्या वेळेस पाळी म्हणतात." मग ती ठळक ओळ. मग पुन्हा बारीक, "ताप थांबला तरी गोळ्या अर्ध्यावर सोडू नयेत. कानात आवाज होऊ लागल्यास घाबरू नये."

आजी म्हणाली, "तापाला कधीपासून पाळी याय लागली?"

"कुळवाला येती न्हवं?" सकिना म्हणाली. "रानाला एक पाळी घातली, दुसरी पाळी घातली, म्हणता तुमीच. तशी ही तापाची. आपली न्हाई."

"एवढे आनंदराव चुकले, आन् तू काल आलेली बरोबर?"

"म्या कुठं काय म्हणतेय? कागद म्हणतोय. बोलवा त्यांना. चष्मा आणा म्हणावं."

आनंदराव आले, चष्म्यासकट. वरून वाचायला लागले. वाचता वाचता आवाज बारीक होत गेला. वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले, पुसण्यासारखं काही नसताना. "छपाई फार बारीक केलीय," म्हणाले. पण माणूस मोठा. उठताना सकिनाला म्हणाले, "पोरी, म्या वरचं वाचायला पायजे व्हतं." वयानं तिप्पट असलेला बाप्या पंधरा वर्षांच्या पोरीला असं म्हणतो, हे मी आधी ऐकलं नव्हतं. नंतरही फारसं नाही.

आता सगळ्यांना वाटलं, झालं, पोरीला गोळ्या चारा. पण सकिना मला घेऊन गोठ्याच्या बाजूला बसली आणि म्हणाली, "तुला सगळं सांगते. मग तू ठरीव. पोट तुझं हाय. ह्या गोळ्या कडू जहर. कानात भुंगा बसल्यागत व्हईल, डोकं गरगरंल. दोन पाळ्या चुकल्या की घरचे म्हणतील, आता बास. तवा थांबायचं न्हाई."

माझ्या मनातलं मी विचारलं. "ते खाल्ल्यावर लेकरू व्हत न्हाई म्हणत्यात."

"कागदावर तसं न्हाई. पर कागदावर समदंच असतं असंबी न्हाई. आमच्या आळीत दोघींनी लग्नाआधी खाल्लंय. एकीच्या मांडीवर पोरगी हाय, दुसरीला आता दिवस हाईत. एवढं म्या बघितलंय."

"आन् पाणथरी? ती उतरती का ह्यानं?"

तिनं माझ्या झग्यावरून बरगडीखाली हात ठेवला, बोटं मोजली. "ते कागदावर न्हाई. मला ठाऊक न्हाई, ठकू. भोरच्या दवाखान्यात विचारते आन् संक्रांतीला येऊन सांगते."

खरं सांगते, त्या 'ठाऊक न्हाई'मुळंच मी बाकीच्यावर विश्वास ठेवला. मी म्हणाले, खाते.

अवस अकरा दिवसांवर होती. गोळ्या दहा दिवसांच्या. पहिली गोळी खाल्ली आणि वाटलं, यापेक्षा डाग परवडला. तिसऱ्या दिवशी कानात घूं सुरू झालं, मधमाश्यांचं पोळं डोक्यात लटकवल्यासारखं. आजी घाबरली. "सोड ते. काहीतरी शिरलंय तुझ्यात." मी म्हणाले, "शिरलं न्हाई. लिवलंय." दळताना मी तो कागद ओवीसारखा म्हणत बसायची, एकदा ऐकून पाठ झाला होता. त्या तिसऱ्या दिवशीच तापाची पाळी होती. दुपार झाली, आम्ही सगळे अंगणात बसून राहिलो पाहुण्याची वाट बघावी तसे. आला नाही. त्यानंतरच्या पाळीलाही आला नाही.

सहाव्या दिवशी बा म्हणाले, "ताप गेला. उरलेल्या गोळ्या ठेवू. पुढल्या साली कामाला येतील." आमच्या घरात उरलेलं ठेवून द्यायची हौस फार.

"बा, अर्ध्यावर सोडायच्या न्हाईत. कागदावर हाय."

"तुला कागद वाचता येतोय व्हय?"

"न्हाई. पर मी ऐकलाय नीट."

बांनी पुडी परत माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "खा बाई."

अवस आली. चिमाजीबाबा सकाळीच आले, लोखंड फडक्यात गुंडाळलेलं, आणि डागावर लावायला तूप घरचं आणलेलं. चुलीपुढं बसून त्यांनी लोखंड निखाऱ्यावर ठेवलं. मग मला आडवं करून बरगडीखाली चाचपलं. मी देवाचं नाव घेत होते, पण गाठ काही देवाला भीत नव्हती.

"ताप न्हाई, ते खरं," ते म्हणाले. "पर पाणथरी हाय. तीन बोटं."

याचीच मला भीती होती. ताप गेला तरी गाठ तिथंच. आणि डाग तर गाठीसाठीच होता. लोखंडाचं टोक लाल व्हायला लागलं. आई भिंतीकडं तोंड करून उभी होती.

मी उठून बसले. "चिमाजीबाबा, डाग दिल्यावर ताप जातोच का?"

"कुणाचा जातो, कुणाचा न्हाई."

"माझा तर डागाआधीच गेला. मग गाठीला थोडं थांबा की. सकिना दवाखान्यात इचारून येते म्हणलीय. तिनं सांगितलं डाग द्या, तर म्या ओरडणार बी न्हाई."

माझं बोलणं कुणी मनावर घेतलं असतं का, कुणास ठाऊक. पण आजी मध्येच बोलली, आणि ती माझ्याशी नाही, स्वतःशीच बोलत होती. तिच्या पोटावर तीन डाग होते. लहानपणी आम्ही त्यांच्यावरून बोट फिरवायचो, रुपयाएवढे, गुळगुळीत. "मला पयला डाग दिला तवा ताप गेला न्हाई," ती म्हणाली. "दुसरा दिला तवा बी न्हाई. तिसऱ्याला गेला, असं समदी म्हणत्यात. म्या बी म्हणतच आले. पर तिसरा दिला तवा शिमगा झाला व्हता. उन्हाळा लागला व्हता. उन्हाळ्यात तर समद्यांचाच ताप जातो." तिनं निखाऱ्याकडं हात केला. "चिमाजी, काढ ते बाहेर. लोखंड काय शिळं व्हत न्हाई. संक्रांतीपातूर थांबू."

चिमाजीबाबांनी लोखंड बाहेर काढलं, राखेत खुपसलं, आणि इतका लांब श्वास सोडला की आई वळून बघायला लागली. मग भाकरी खाऊन गेले. तूप आम्हालाच ठेवून गेले. मला वाटतं त्या माणसाला डाग देणं कधीच आवडलं नव्हतं. नको म्हणणारं कुणी भेटलं नव्हतं इतकंच.

पण थांबणं सोपं नव्हतं. रोज सकाळी आजी माझ्या बरगडीखाली हात घालून बघायची. तीन बोटं. तीन बोटं. हात काढून घेताना तिचं तोंड बघवत नसे. आपण पोरीचं ऐकून चूक केली का, हे तिच्या तोंडावर असायचं. मग एके दिवशी अडीच म्हणाली. मला वाटलं, माझ्या समाधानासाठी म्हणतेय.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मायलेकी आल्या. गुलजारबी ओसरीवर बसायच्या आधीच तक्रार घेऊन आली. "धोंडाकाकू, तुमच्या पोरीपायी माझ्या पोरीनं आमची अब्रू घालवली. हिच्या बापाला चार माणसांत मान खाली घालायला लागली."

झालं असं होतं. सकिना एकटी भोरच्या दवाखान्यात गेली. बाप्यांची रांग, तिच्यात ही उभी राहिली. सकाळची उभी, नंबर दुपारी आला. आतल्या डॉक्टरनं विचारलं, तुला काय होतंय? ही म्हणाली, मला काय न्हाई, पासलीच्या पोरीला व्हतंय. डॉक्टर म्हणाला, मग तिला घेऊन ये, जा. ही हलली नाही. म्हणाली, ती यायला दोन दिवस चालायला लागेल आणि तिला डाग द्यायला बसलेत. आणि दारात उभ्या बाप्यांदेखत तिनं स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवलं, गाठ इथून सुरू होती, अशी तीन बोटं खाली येती. दारातले हसले. कुणीतरी तिच्या बापाला, इब्राहीमला, जाऊन सांगितलं. त्यानं तिला आठ दिवस घराबाहेर पडू दिलं नाही.

"मग डॉक्टर काय म्हणले?" आजीनं विचारलं. तिला अब्रूचं काही पडलं नव्हतं.

"ते हसले न्हाईत," सकिना म्हणाली. "गोळ्या पुऱ्या केल्या का इचारलं. म्या म्हणलं, करंल ती, मला ठाऊक हाय. तर म्हणले, ताप परत आला न्हाई तर गाठ आपोआप उतरती. दोन महिने लागतील, तीन लागतील. डाग दिल्यानं काय व्हत न्हाई, उलट पिकून जीवावर बेततं. ताप परत आला तर मातूर तिला घेऊनच या, असं म्हणले."

आजीनं मला जवळ ओढलं आणि सगळ्यांदेखत हात घातला. "दोन," ती म्हणाली. मग पदर डोळ्याला लावला आणि गुलजारबीला ओरडून म्हणाली, "अग बस की. उभी का? गुळाचा खडा घे."

शिमग्यापर्यंत काहीच हाताला लागत नव्हतं. माझी पाच बाळंतपणं झाली, पोटावर एक व्रण नाही. आज तुम्हाला कोयनेल माहीत नसेल, दुसरी औषधं आली, आणि ती देणारी माणसं गावात आली, फार चांगलं झालं. पण माझ्या वेळी माझ्यासाठी एक पोरगी बाप्यांच्या रांगेत उभी राहिली होती. मी तिची कोण? एकदाच बांगड्या भरलेली.

त्या संक्रांतीला ती जायला निघाली तेव्हा म्हणाली, "डॉक्टरांनी तुझं नाव इचारलं. वहीत लिवलं. ठकू, गाव पासली."

मी म्हणाले, "माझं नाव? लिवलेलं कसं दिसतं?"

तिनं अंगणात बसून मातीत बोटानं लिहून दाखवलं. ठ म्हणजे नुसता गोल आणि वर दांडी. मी तो गोल तिथंच चार वेळा गिरवला, आणि कोंबड्यांनी पुसला तसा पुन्हा गिरवला. पुढच्या फेऱ्यांना तिनं बाकीची अक्षरं दिली, एका फेरीला चार-पाच. काही मला जड गेली. पण पहिलंच अक्षर सोपं निघालं, ते बरं झालं, नाहीतर मी काही पुढं गेले नसते.